जतन केलेले वेबपान इंटरनेटशिवाय उघडत नाही, तेव्हा काय तपासावे

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका वाचनालयात मी संगणक विभाग सांभाळते आणि गेली काही वर्षे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे : तालुक्याच्या गावी, वाळपईला, नेटवर्क असताना जतन केलेले पान गावात पोहोचल्यावर उघडत नाही. जूनमध्ये पाऊस धरला आणि झाडे तारांवर पडू लागली की वीज जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते, आणि नेमक्या त्याच वेळी विद्यार्थ्याला प्रकल्पाची माहिती, भजनी मंडळाला अभंगाचे शब्द किंवा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर एखाद्या घरच्या कर्त्या माणसाला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या सजावटीच्या, रानफळांची चित्रे हवी असतात. हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की कोणत्या लक्षणामागे कोणते कारण असते हे आता बहुतेक वेळा फाइल उघडण्यापूर्वीच कळते. ते येथे सविस्तर लिहून ठेवत आहे, म्हणजे माझ्यापर्यंत येण्याआधीच अनेकांचे काम होईल.

लक्षणे

आपल्याकडे नेमके काय घडते आहे हे आधी नीट पाहून घ्यावे, कारण "उघडत नाही" या दोन शब्दांत निदान सात निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पान उघडताच ब्राउझर इंटरनेट नसल्याचे सांगतो आणि क्रोममध्ये डायनासोरचे छोटे चित्र येते, हे पहिले लक्षण. मजकूर दिसतो, पण चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात आणि सगळी मांडणी विस्कटून मजकूर डाव्या कडेला एकाखाली एक साचतो, हे दुसरे. पान क्षणभर पूर्ण दिसते आणि डोळ्यांदेखत पांढरे पडते, हे तिसरे. चौथ्या प्रकारात लेखाऐवजी बरोबरच्या (=) चिन्हांनी भरलेल्या अगम्य ओळी दिसतात. पाचव्यात पान ठीक असते, पण मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचे गिचमिड असते. सहाव्यात लेख हवा असताना लॉगिनचा चौकोनच जतन झालेला असतो. सातव्यात पान संगणकावर व्यवस्थित उघडते, मात्र ते फोनवर किंवा पेनड्राइव्हवर उतरतच नाही.

तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने पुढे देत आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि प्रत्येकीला मिनिटभर पुरते. क्रम सोडून एकदम शेवटच्या उपायाला हात घालू नये, कारण दहापैकी सात-आठ फाइली पहिल्या चार तपासण्यांतच मार्गी लागतात असा माझा अनुभव आहे.

पान खरोखर जतन झाले होते का

फोन विमान मोडवर टाकावा, वायफाय वेगळे सुरू राहिलेले नाही याची खात्री करावी (काही फोनांत विमान मोड लावला तरी वायफाय चालूच राहते), ब्राउझर अलीकडच्या ॲपच्या यादीतून पूर्ण बंद करावा आणि मग पान उघडून पाहावे. ही चाचणी नेटवर्क असतानाच, घरातून निघण्यापूर्वी करायची आहे. नेटवर्क सुरू असताना उघडलेले पान जतन केलेल्या फाइलीतून येते आहे की थेट इंटरनेटवरून, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. अर्धवट जतन झालेली फाइलसुद्धा आपली चित्रे गुपचूप मूळ संकेतस्थळावरून आणते आणि आपल्याला सारे आलबेल वाटते.

या चाचणीत डायनासोर दिसला, तर बहुधा पान कधी जतन झालेच नव्हते. बुकमार्क, मुख्य पडद्यावर ठेवलेले चिन्ह आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली लिंक या तिन्हींत फक्त पत्ता साठवलेला असतो. घराचा पत्ता लिहून घेतल्याने घर आपल्या पिशवीत येत नाही, तसेच हे आहे. उघडे ठेवलेले टॅब त्याहून फसवे, कारण ते काही वेळ खरोखरच दिसतात. आमच्या भागातील एका भजनी बुवांनी आषाढी एकादशीसाठी चाळीसेक अभंगांची पाने अशीच उघडी ठेवली होती. घरी ती एकामागून एक सरकवता येत होती. देवळात रात्री तिसऱ्या अभंगाला पान पांढरे झाले आणि पुढची सगळी तशीच. "ताई, घरून निघताना सगळी होती हो," असे ते दुसऱ्या दिवशी कळवळून सांगत होते, आणि ते खरेही होते. फोनची स्मृती अपुरी पडू लागली की तो जुन्या टॅबमधील मजकूर टाकून देतो, फक्त पत्ता राखतो आणि आपण तो टॅब पुन्हा उघडला की पान नव्याने मागवतो. नेटवर्क असेल तर हे आपल्या लक्षातही येत नाही.

उपाय सोपा आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत वरच्याच ओळीत खाली वळलेला बाण असतो. तो दाबला की पान डाउनलोडच्या यादीत येते. आयफोनच्या सफारीत रीडिंग लिस्टमध्ये नुसते घालणे पुरत नाही. ती यादी इंटरनेटशिवाय वाचण्यासाठी आपोआप जतन करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये सुरू करावा लागतो. संगणकावर कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात.

फाइल किती मोठी आहे

फाइल सापडली की उघडण्याआधी तिचा आकार पाहावा. या तपासणीला काहीच कष्ट नाहीत आणि ती पुष्कळ सांगून जाते. सर्व लिप्यांतील अक्षरांना एकच क्रमांकपद्धत देणाऱ्या युनिकोडच्या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते. "मराठी" हा शब्द म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून पाच खुणांचा, म्हणजे १५ बाइटचा होतो. या हिशेबाने हजार शब्दांच्या लेखाचा नुसता मजकूरच साधारण १८ ते २० किलोबाइट भरतो. तेवढ्या लेखाची फाइल ४ किलोबाइटची दिसत असेल, तर तीत लेख नाही, हे न उघडताच सांगता येते. तीत पानाचा सांगाडा असेल किंवा इंटरनेट नसल्याचा संदेश असेल. शून्य किलोबाइट दिसत असेल, तर लिहिणे मध्येच थांबले आहे. वीज गेली असेल, साठवणुकीची जागा संपली असेल किंवा पेनड्राइव्ह घाईने ओढून काढला गेला असेल. अशा फाइलीवर वेळ घालवू नये, पान नव्याने जतन करावे.

उलट बाजू मात्र खरी नाही, हेही लक्षात ठेवावे. फाइल मोठी आहे म्हणून लेख आतच आहे असे समजू नये, कारण जाहिराती आणि प्रोग्रामचे तुकडेच कधी कधी मेगाबाइट गाठतात.

योग्य ॲपमध्ये उघडते आहे का

चौथ्या लक्षणाची, म्हणजे बरोबरच्या चिन्हांच्या ओळींची, तक्रार घेऊन येणारे लोक सर्वांत जास्त घाबरलेले असतात आणि त्यांचीच फाइल बहुधा सर्वांत सुरक्षित असते. क्रोम फोनवर पान जतन करतो तेव्हा मजकूर, चित्रे आणि मांडणी एकाच गाठोड्यात बांधून एमएचटीएमएल नावाच्या प्रकारची फाइल बनवतो. हा प्रकार मुळात ईमेलच्या नियमांवरून आलेला आहे आणि ईमेलच्या जुन्या पद्धतीत रोमनखेरीजची अक्षरे तशीच्या तशी पाठवता येत नसत. म्हणून देवनागरीचा प्रत्येक बाइट बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे दोन रोमन अक्षरे किंवा अंक अशा रूपात लिहिला जातो. अशी फाइल चुकून नोटपॅडमध्ये किंवा फोनच्या एखाद्या मजकूर-वाचकात उघडली, तर बरोबरचे चिन्ह, ई आणि शून्य, पुन्हा बरोबरचे चिन्ह, ए आणि चार, अशी रांग पानभर दिसते. ही "ई शून्य, ए चार" ची रांग म्हणजे आत देवनागरी शाबूत असल्याची खूण आहे. फाइल पुसू नये. तिच्यावर बोट दाबून धरावे, "याद्वारे उघडा" निवडावे आणि क्रोम किंवा मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर घ्यावा. फायरफॉक्स हा प्रकार स्वतःहून उघडत नाही, म्हणून ज्यांचा नेहमीचा ब्राउझर फायरफॉक्स आहे त्यांना ही अडचण वारंवार येते.

या प्रकारात देवनागरीच्या एका अक्षराला तीनऐवजी नऊ बाइट लागतात, त्यामुळे वर दिलेला आकाराचा हिशेब अशा फाइलीसाठी तिप्पट धरावा.

फाइल आणि तिचा फोल्डर यांची ताटातूट

दुसरे लक्षण, म्हणजे चित्रे गायब आणि मांडणी विस्कटलेली, जवळजवळ नेहमी या एकाच कारणाने येते, आणि विद्यार्थ्यांत तर हे मी आठवड्याला एकदा तरी पाहते. संगणकावर कंट्रोल-एस दाबले की क्रोम तीन पर्याय देतो : फक्त एचटीएमएल, सिंगल फाइल आणि कम्प्लीट. "कम्प्लीट" या नावावर विश्वास ठेवून बहुतेक जण तोच घेतात. त्यात दोन वस्तू तयार होतात : एक एचटीएमएल फाइल (वेबपाने ज्या भाषेत लिहिली जातात तिची) आणि तिच्याच नावापुढे अंडरस्कोअर व "फाइल्स" हा शब्द लागलेला एक फोल्डर. चित्रे आणि मांडणीचे नियम त्या फोल्डरमध्ये असतात. फाइलीत फक्त "अमुक चित्र त्या फोल्डरमधून घे" अशी नोंद असते.

आमच्याकडे येणाऱ्या दहावीच्या एका मुलीने म्हादई नदीवरील प्रकल्पासाठी बारा पाने अशी जतन केली होती. संगणकावर ती उत्तम दिसत होती. तिने बारा एचटीएमएल फाइली व्हॉट्सॲपवरून स्वतःच्या फोनवर पाठवल्या, फोल्डर अर्थातच गेले नाहीत, आणि घरी जाताना बसमध्ये तिने उघडले तेव्हा एकाही पानात नकाशा नव्हता. "टीचर, कम्प्लीटच सेव्ह केलेलं," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिची काहीच चूक नव्हती. पर्यायाचे नावच दिशाभूल करणारे आहे. फोल्डर वाचनालयाच्या संगणकावर अजून होते म्हणून काम निभावले.

फाइल आणि फोल्डर दोन्ही हाताशी असतील, तर ती एकाच जागी शेजारी शेजारी ठेवावीत आणि दोहोंपैकी कशाचेही नाव बदलू नये. विंडोजमध्ये फाइल हलवली की सोबतचा फोल्डर बहुधा आपोआप हलतो, त्यामुळे ही जोडी तुटू शकते याची कल्पनाच अनेकांना नसते. व्हॉट्सॲप, ईमेल आणि फोन ही जोडी ओळखत नाहीत. पाठवायचेच असेल, तर दोन्ही निवडून झिप करावे, म्हणजे एकाच फाइलीत बांधावे. पण माझा स्पष्ट सल्ला असा की "कम्प्लीट" चा नाद सोडावा आणि क्रोम किंवा एजमध्ये "सिंगल फाइल" निवडावे. एकच वस्तू असली की हरवायला काही उरत नाही.

जतन करण्याची घाई

फोल्डर जागेवर आहे, प्रकार योग्य आहे, तरी पहिली दोन-तीन चित्रे दिसतात आणि पुढची सगळी करडी राहतात, असे असेल तर जतन करताना पान शेवटपर्यंत सरकवलेले नव्हते. आजची बहुतेक संकेतस्थळे डेटा वाचवण्यासाठी चित्रे आधी आणतच नाहीत. वाचक खाली सरकत जाईल तसतशी ती येतात. जे चित्र पडद्यावर कधी आलेच नाही, ते बऱ्याचदा फाइलीतही जात नाही. म्हणून लेखाच्या अगदी तळापर्यंत सावकाश जावे, "आणखी वाचा" अशी बटणे दाबून मजकूर उघडावा, प्रत्येक चित्र स्पष्ट झाल्याचे पाहावे आणि मगच जतन करावे. माटोळीच्या वनस्पतींची लांबलचक सचित्र यादी घेणाऱ्यांनी तर ही सवय लावूनच घ्यावी, कारण अशा यादीत चित्र गेले की नुसत्या नावावरून रानात फळ ओळखता येत नाही.

पानात बसवलेला व्हिडिओ मात्र यातल्या कोणत्याही मार्गाने जतन होत नाही.

लॉगिन आणि पानावर येणारे पडदे

सहाव्या लक्षणाचे कारण असे की जतन करताना काही ब्राउझर आणि बरीच "नंतर वाचा" प्रकारची ॲप आपल्याला दिसणारे पान घेत नाहीत, तर त्याच पत्त्यावर स्वतः पुन्हा जाऊन नवी प्रत मागतात. त्या नव्या भेटीत आपले लॉगिन त्यांच्यासोबत नसते, म्हणून त्यांना दाराशीच अडवणारा चौकोन मिळतो आणि तोच जतन होतो. सरकारी संकेतस्थळांवर ठरावीक मिनिटांनी लॉगिनची मुदत संपते, तेव्हाही हेच घडते. येथे डोळ्यांसमोरच्या पानाचीच नोंद घेणारा मार्ग हवा : कंट्रोल आणि पी दाबून छपाईच्या खिडकीत "पीडीएफ म्हणून जतन करा" निवडावे. कुकीची परवानगी मागणारा किंवा वर्गणीची सूचना देणारा पडदा आधी बंद करावा, नाहीतर फाइलीत तोच लेखाच्या छातीवर बसून राहतो आणि इंटरनेटशिवाय त्याचे बंद करण्याचे बटण चालत नाही.

क्षणभर दिसून पांढरे होणारे पान

येथून पुढे थोडे कष्ट आहेत. तिसरे लक्षण दिसते त्या पानांत लेख हा लेख म्हणून लिहिलेलाच नसतो. एक प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालतो, तो मजकूर सर्व्हरकडून मागवतो आणि पडद्यावर रचतो. पान जतन करताना तो प्रोग्रामही सोबत येतो. उघडल्यावर तो पुन्हा चालू होतो, आपण आता मूळ पत्त्यावर नाही किंवा सर्व्हर उत्तर देत नाही हे त्याच्या लक्षात येते आणि आधी रचलेले सारे पुसून तो रिकामे पान किंवा "सापडले नाही" असा संदेश मांडतो. म्हणजे मजकूर फाइलीत असतो, पण उघडता क्षणी नष्ट केला जातो.

यावर सर्वांत सोपा उपाय ब्राउझरचा वाचन मोड. पत्त्याच्या पट्टीत पानासारखे चिन्ह दिसत असेल, तर तो मोड सुरू करून पीडीएफ घ्यावी. अधिक पक्का उपाय म्हणजे सिंगलफाइल हे मोफत आणि मुक्तस्रोत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम (वरच्या "सिंगल फाइल" या पर्यायाहून हे वेगळे). ते क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये चालते, अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येही बसवता येते. ते पडद्यावर रचून झालेला मजकूर उचलते, चित्रे त्याच फाइलीत भरते आणि प्रोग्राम गाळून टाकते. त्यामुळे पुसणारा हातच उरत नाही. तयार होते ती साधी एचटीएमएल फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते, म्हणून वाचनालयातील संगणकांवर आता मी हेच बसवून ठेवले आहे. एक काळजी घ्यावी : असे एक्स्टेन्शन काम करण्यासाठी आपण भेट देतो त्या पानांतला मजकूर वाचण्याची परवानगी मागते. ते ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यावे, मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे घेऊ नये, आणि बँकेचे व्यवहार ज्या ब्राउझरमध्ये करता त्याऐवजी वाचनासाठी वेगळा ब्राउझर ठेवला तर उत्तम.

सगळेच पीडीएफ करून का ठेवू नये, असे मला अनेकदा विचारले जाते. छापायचे असेल किंवा पावती-निकालासारखे मांडणीसकट हवे असेल, तर पीडीएफच घ्यावी. परंतु वाचनासाठी मी तिला दुसरे स्थान देते. फोनच्या अरुंद पडद्यावर तिच्या ओळी मोठ्या केल्या की कडेबाहेर जातात, आणि मराठी पीडीएफमधला मजकूर शोधताना किंवा उतरवून घेताना वेलांट्या व रफार आपली जागा सोडतात. ज्या विद्यार्थ्याला उतारा टिपून घ्यायचा आहे, त्याला एचटीएमएलच उपयोगी पडते.

अक्षरांचे गिचमिड

पाचव्या लक्षणात दोन वेगळे रोग असतात आणि त्यांची पारख करणे अवघड नाही. गिचमिडात डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन "ए" (à) दर दोन-तीन खुणांनी पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच असतो आणि जुन्या युरोपीय पद्धतीत त्याचा अर्थ ते रेघवाले "ए" असा होतो, म्हणून ती पुनरावृत्ती. "फक्त एचटीएमएल" हा पर्याय घेतल्याने बहुधा असे होते. मजकूर कोणत्या पद्धतीचा आहे हे काही संकेतस्थळे पानात लिहीत नाहीत, सर्व्हर ते पानासोबत वेगळे कळवतो, आणि जतन करताना ती वेगळी सूचना मागेच राहते. नेटवर्क असेल तेव्हा पान "सिंगल फाइल" म्हणून पुन्हा जतन केले की प्रश्न सुटतो. मूळ पान आता उपलब्धच नसेल, तर संगणकावरील फायरफॉक्समध्ये ती फाइल उघडून व्ह्यू मेनूतील मजकुराचे एन्कोडिंग दुरुस्त करण्याचा पर्याय निवडावा.

रेघवाले "ए" नसून साधीच रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे विस्कळीत दिसत असतील, तर पान युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये लिहिलेले आहे. त्या फाँटांत रोमन अक्षराच्या जागीच देवनागरी आकार काढलेला असे. फाँट गेला की खालचे रोमन अक्षर उघडे पडते. तो फाँट संगणकावर बसवलेला असेल तर पीडीएफ करून घ्यावी, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार स्वतःसोबत नेते. नसेल तर त्या विशिष्ट फाँटचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन लागते, आणि त्यानंतर जोडाक्षरे एकेक करून माणसाने वाचून काढावी लागतात. चार पानांसाठी हे करावे. चारशे पानांसाठी मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या व्यावसायिकाकडे जावे.

लांब नावे आणि लहान पेनड्राइव्ह

ब्राउझर फाइलीला लेखाचे शीर्षकच नाव म्हणून देतो आणि मराठी शीर्षके लांब असतात. अँड्रॉइड फोनवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीची एक खूण ३ बाइटची धरली तर मात्रा मोजून जेमतेम ८५ खुणा बसतात. विंडोज फाइलीच्या नावात याच्या तिप्पट खुणा स्वीकारतो, पण तेथे सगळ्या फोल्डरांसह पूर्ण मार्गावर साधारणपणे २६० खुणांची मर्यादा पडते. म्हणून एकीकडे आनंदाने राहणारी फाइल दुसरीकडे उतरत नाही. जतन करतानाच नाव चार-पाच शब्दांवर आणावे. मी विषय आणि तारीख एवढेच लिहिते.

पेनड्राइव्ह भरलेला नसतानाही मोठी फाइल नाकारत असेल, तर तो फॅट-३२ पद्धतीने मांडलेला आहे. त्यात ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल बसत नाही. सुट्या वेबपानांना ही अडचण कधी येत नाही, पण कीविक्स या इंटरनेटशिवाय वाचण्याच्या ॲपसाठी विकिपीडियाचा मोठा संग्रह उतरवणाऱ्यांना हमखास येते. पेनड्राइव्हवरील सर्व काही दुसरीकडे उतरवून तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. फॉरमॅटने आतले सारे पुसले जाते, तेव्हा आधी प्रत काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

यादी कोणाच्या घरी आहे

फाइल स्वतःच्या फोनमध्ये न ठेवता एखाद्या सेवेच्या यादीत ठेवली असेल, तर ती सेवा चालू आहे का, हेही पाहावे. पॉकेट ही "नंतर वाचा" प्रकारची जुनी आणि लोकप्रिय सेवा मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. ॲपचा डेटा पुसला किंवा ॲप काढून टाकले, तरी त्याच्या आतली यादी जाते. मूळ संकेतस्थळावरूनही पान नाहीसे झाले असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता घालून पाहावा. २००१ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या त्या साठ्यात बऱ्याच मराठी पानांच्या प्रती सापडतात. आज हाती असलेले महत्त्वाचे पान तेथे स्वतः नोंदवून ठेवण्याचीही सोय आहे.

कुठे थांबावे

पेनड्राइव्ह, कार्ड किंवा हार्ड डिस्क जोडताच संगणक "फॉरमॅट करा" असे विचारू लागला, फोल्डरांची नावे विचित्र चिन्हांत दिसू लागली किंवा हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर त्याच क्षणी हात थांबवावा. "हो" दाबू नये, त्यावर नवीन काही लिहू नये, इंटरनेटवरून मिळालेले दुरुस्तीचे साधन चालवू नये आणि ते पुन्हा पुन्हा काढून जोडू नये. प्रत्येक नव्या लिखाणाने जुना मजकूर झाकला जातो आणि डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाचे काम अवघड होते. त्यावरचा ऐवज पुन्हा मिळण्याजोगा असेल, तर पेनड्राइव्ह टाकून द्यावा. वर्षानुवर्षांचा संग्रह असेल, तर सरळ तज्ज्ञाकडे न्यावा आणि दुरुस्तीआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. पावसात भिजलेला फोनही याच प्रकारात येतो : तो चार्जिंगला लावून "आधी फाइली काढून घेऊ" हा मोह आवरावा, बंद करून दुरुस्तीच्या दुकानात द्यावा.

दुसरी मर्यादा कागदपत्रांची आहे, आणि तिच्याबद्दल मी हट्टाने बोलते, कारण जमिनीच्या कामासाठी जतन केलेली पाने घेऊन लोक माझ्याकडे येतात. जतन केलेली एचटीएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून कोणीही तीतले नाव किंवा क्षेत्रफळ बदलू शकतो, त्यामुळे एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्याचे असे पान वाचायला ठीक, पुरावा म्हणून नव्हे. तेथे प्रमाणित प्रतच काढावी. एखादे वेबपान न्यायालयात दाखवण्याची वेळ आली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. अशा वेळी फाइलीचे नाव बदलू नये, तिचा प्रकार बदलू नये, ज्या फोनवर किंवा संगणकावर ती जतन केली तो तसाच ठेवावा आणि आधी वकिलाला भेटावे.